कळ की ठणका?

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. बारावीचा निकाल लागून आठ-दहा दिवस झाले असतील. संध्याकाळी आमचे शेजारी चपला दाराशी काढून आत आले आणि खुर्चीच्या अगदी कडेवर बसले. माणूस असा कडेवर बसला, की त्याला काहीतरी अवघड बोलायचे असते.

"सर, आमची थोरली नर्सिंगला जायचं म्हणते."

"मग?"

"मग काय? तुम्ही कॉलेजातली माणसं. तुमचं ऐकेल ती. एवढे चांगले मार्क पडलेत, आणि जन्मभर काय बेडपॅन उचलायचे?"

कबूल करायला संकोच वाटतो, पण मी त्यांचे काम केले. थोरलीला बोलावून तासभर उपदेश केला. विज्ञान नको असेल तर बी.ए. कर, मराठी घे, पुढे बी.एड. आहे, शाळेची नोकरी आहे, दुपारी घरी यायला मिळते, वगैरे. तिने सारे शांतपणे ऐकले, "बरं काका" म्हणाली आणि दुसऱ्याच दिवशी बी.एस्सी. नर्सिंगचा अर्ज भरून मोकळी झाली. माझ्या व्याख्यानांचा विद्यार्थ्यांवर एरवी होणारा परिणाम पाहता यात नवल काहीच नव्हते.

मागाहून मला माझीच लाज वाटली. त्याच्या आदल्या वर्षी माझी आई अकरा दिवस इस्पितळात होती. रात्री दर दोन तासांनी तिची कूस बदलायला एक सिस्टर येत असे. पाठीला जखम होऊ नये म्हणून ही काळजी. घरी परतताना आम्ही त्या सिस्टरला पेढ्यांचा पुडा दिला आणि सर्वांदेखत म्हणालो, "अगदी लेकीसारखं केलंत हो!" म्हणजे परकी नर्स लेकीसारखी वाटावी, पण घरच्या लेकीने मात्र नर्स होऊ नये, असा आमचा हिशेब!

हा हिशेब आजचा नाही. रमाबाई रानड्यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन काढले आणि तिथल्या स्त्रियांना परिचर्येच्या शिक्षणासाठी ससून रुग्णालयात पाठवायचे ठरवले, तेव्हाही पांढरपेशा घरांतून नाके मुरडली गेलीच. खरे तर त्याच पुण्यात बारा वर्षांपूर्वी, १८९७ च्या प्लेगात, रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले त्याच रोगाला बळी पडल्या होत्या. त्यांना आपण वंदन करतो. वंदन करणे सोपे असते, त्यात कुणाला रात्रपाळी करावी लागत नाही.

परिचर्येला विद्यापीठाची पदवी मिळायला मात्र १९४६ साल उजाडावे लागले. त्या वर्षी दिल्ली आणि वेल्लोर येथे चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. मुंबईत महिला विद्यापीठाचे लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय निघाले ते १९६४ साली. आमच्या गावाची कथा याहून उशिराची. निजामाच्या राज्यातून मराठवाडा सुटला १९४८ साली. वैद्यकीय महाविद्यालय आले १९५६ मध्ये, आणि त्याचे रुग्णालय 'घाटी' या नावाने साऱ्या मराठवाड्याच्या तोंडी बसले. २०२३ साली औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले, पण जालना, बीड, परभणी, हिंगोलीकडून येणारा रोगी अजूनही बसमधून उतरला की "घाटीला जायचंय" एवढेच म्हणतो. आज शहरात परिचर्येची शासकीय आणि खाजगी अशी दोन्ही प्रकारची महाविद्यालये आहेत, आणि त्यांच्या वर्गांत मुलगेही बसतात. वॉर्डात त्यांना 'ब्रदर' म्हणतात. आता या पदवीच्या प्रवेशासाठी राज्याची स्वतंत्र सीईटी असते. तिच्यात पदार्थविज्ञान, रसायन, जीवशास्त्र, इंग्रजी आणि 'नर्सिंगचा कल' असे विषय असतात. हा कल पर्यायांवर खूण करून कसा मोजतात, हे मला अद्याप उमगलेले नाही.

आठ सत्रांचा हा अभ्यास आहे तरी काय, असे मी थोरलीला पहिल्या दिवाळीत विचारले. शरीररचना, शरीरक्रिया, सूक्ष्मजंतू, आहार, औषधे एवढे माझ्या कल्पनेत होते. समाजशास्त्र आणि मानसशास्त्रही असते, हे नवे होते. पुस्तकी तासांना ऐंशी टक्के हजेरी चालते, पण वॉर्डातली हजेरी पदवीपूर्वी शंभर टक्के भरून द्यावी लागते, हे ऐकून मी चाट पडलो. आमच्या कला शाखेला हा नियम लावला, तर पदवीदान समारंभ कुलगुरूंना एकट्यानेच करावा लागेल!

पण मला खरी गंमत वाटली ती तिच्या 'केअर प्लॅन'च्या वहीची. डॉक्टर रोगाचे निदान करतो, नर्स दुसरेच निदान करते. तेही शास्त्रशुद्ध, रकाने आखून. डॉक्टरने कागदावर लिहिलेले असते की हृदय कमजोर आहे. नर्स लिहिते, 'आडवे झाल्यावर दम लागतो, म्हणून झोप नाही.' मग उद्दिष्ट, मग उपाय, प्रत्येक उपायामागचे कारण आणि शेवटचा रकाना मूल्यमापनाचा. तोच रोग असलेल्या शेजारच्या खाटेवरच्या माणसासाठी ही नोंद निराळी होऊ शकते, कारण त्याला झोप लागते, पण तो जेवत नाही. पदवी घेऊन जास्तीचे काय शिकतात, या शेजाऱ्यांच्या प्रश्नाचे उत्तर मला त्या वहीत मिळाले. त्यांना ते पटवायला मात्र वर्ष गेले.

दुसऱ्या वर्षी थोरली एक दिवस माझ्याकडे शिकायला आली. चक्क मराठी! तिचा सगळा अभ्यास इंग्रजीत. 'वेदनेचे स्वरूप लिहा' असे वहीत छापलेले, आणि समोर गेवराईकडची आजी सांगते, "लई कळा मारायल्यात." कळ म्हणजे नेमके काय? ती आणि ठणका एकच का?

मी अनेक वर्षे मराठी शिकवतो, पण हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. आम्ही दोघे यादी करायला बसलो. कळ उठते, सरकते आणि ओसरते. ठणका नाडीच्या ठेक्यावर चालतो. गळवाचा ठणका, दाढेचा ठणका. मुरडा पोटातच येणार. चमक पाठीत भरते, तीही हलले की. जखम ठसठसते, सोललेली कातडी हुळहुळते, काटा सलतो, एकाच अंगावर पडून राहिले की रग लागते. आणि "कसंतरीच व्हायलंय" याला तर जगाच्या पाठीवर प्रतिशब्द नसावा. पण थोरलीच्या मास्तरीणबाईंनी बजावले होते, की कुणी असे म्हणाले तर आधी नाडी आणि रक्तदाब पाहायचा. आमच्या गावात अर्धे रोगी दखनी उर्दूत बोलतात, त्यांची यादी तिने वर्गातल्या मैत्रिणीकडून करून घेतली. ती वही तिच्या वर्गात हातोहात फिरली, आणि माझ्या एकाही शोधनिबंधाचे इतके वाचक झालेले नाहीत.

वेदना शून्य ते दहा या आकड्यांत विचारायची एक पद्धत आहे. त्या आजीला थोरलीने विचारले, "आजी, दहापैकी किती?" आजी म्हणाली, "लेकी, मला आकडे कळत नाहीत. बाळंतकळांपेक्षा कमी हाय." मास्तरीणबाईंनी ते उत्तर जसेच्या तसे नोंदवायला लावले.

तिसऱ्या वर्षी एका रात्री साडेनऊला ती वही घेऊन आमच्याकडे आली. घरी न जाता सरळ इकडे. हृदयाच्या विकाराचा एक रोगी आठवडाभर तिच्याकडे होता. त्याच्या पाठीशी उशा रचून त्याला बसते करणे, पुढे टेकायला छोटे टेबल देणे, दिवा मंद करणे, औषधांच्या वेळा झोपेच्या आड येणार नाहीत हे सिस्टरांना विचारून पाहणे, असे तिचे उपाय चालले होते. तो सकाळी गेला. त्याचे अंग पुसून, डोळे मिटवून, चादर घालून देण्याचे कामही तिनेच केले होते. आता वही उद्या तपासायची होती, आणि मूल्यमापनाचा रकाना रिकामा होता.

"काका, इथे काय लिहू?"

मला शब्द सुचेना. हिने चहा केला. थोरलीने तो घेतला नाही. बराच वेळ ती मागची पाने चाळत बसली. उद्दिष्टाच्या रकान्यात तिने आठवड्यापूर्वी लिहिले होते, 'रात्री सलग दोन तास झोप.' तिने पेन उघडले आणि लिहिले, 'उद्दिष्ट साध्य. शेवटच्या दोन्ही रात्री झोप लागली.' मग वही मिटली आणि ती घरी गेली. जिन्यात तिचे वडील उभे होते. ते केव्हापासून तिथे होते, कोण जाणे.

त्यानंतर तिची रात्रपाळी असली की स्वेटर, टोपी घालून ते स्वतः तिला स्कूटरवरून सोडायला जाऊ लागले.

यंदा थोरली शेवटच्या वर्षाला आहे. गेल्या महिन्यात तिला पाहायला मंडळी आली होती. मुलगा पुण्यात इंजिनियर. मला मोठेपणा देऊन बसवले होते. पोहे झाले, शिक्षणाची चौकशी झाली, आणि मुलाच्या आईने जरा घसा साफ करून विचारले, "रात्रपाळी वगैरे असते का हो?"

शेजारी खुर्चीच्या कडेवर सरकले.

"असते," थोरली म्हणाली. तिचे लक्ष बाईंच्या पायांकडे होते. "काकू, पायांवर सूज किती दिवसांपासून आहे?"

"अगं, उभं राहून राहून येते."

"बघू?" असे म्हणून ती खाली बसली आणि नडगीवर अंगठा दाबून धरला. अंगठा काढला तरी खळगा भरेना. सकाळी चेहरा सुजतो का, लघवीला कमी होते का, रक्तदाब शेवटचा केव्हा पाहिला, असे चार-पाच प्रश्न तिने विचारले. मुलगा पोह्यांची बशी हातात धरून आईकडे पाहतच राहिला होता. त्याला यातले काही ठाऊक नव्हते.

स्थळाकडून अजून उत्तर आलेले नाही. बाईंच्या लघवीची आणि रक्ताची तपासणी मात्र दुसऱ्याच दिवशी झाली, आणि तो रिपोर्ट घेऊन मुलाने पहिला फोन केला तो थोरलीला.