नळीदिव्याचा चोक

नळीदिव्यांतील वायूंतून वीज एकदां वाहूं लागली कीं तिला होणारा विरोध घटतो आणि प्रवाह अनावर होतो. त्यास आवर घालणारा तो चोक. इलेक्ट्रॉनिक चोक २३० व्होल्टचा प्रवाह आधीं एकदिश करतो, मग सेकंदास २०,००० हून अधिक वेळां उलटसुलट फिरवितो. कळंबच्या उन्हाळ्यांत त्यांतील कपॅसिटरचा द्रव लवकर आटतो व त्याचें डोकें फुगतें.

चांगली नळी लावूनही अंधारच राहिला, तर दोष बहुधा चोकांत असतो. मात्र बटण बंद केल्यावरही कपॅसिटरांत ३०० व्होल्टांहून अधिक दाब उरूं शकतो. तो जिवावर बेतेल. म्हणून मेन स्विच पाडून, रोधकाच्या वाटेनें तो रिता करावा व मीटरनें खात्री करावी. नवा कपॅसिटर तितक्याच मायक्रोफॅरडचा, तितक्याच वा अधिक व्होल्टचा, १०५ अंश सोसणारा घ्यावा. फ्यूज जळाला असल्यास ट्रान्झिस्टर तपासल्यावांचून नवा घालूं नये. नाहीं तर तोही बहुधा तत्क्षणीं जाईल.