क्रमातला क्रम

ठाणे जिल्ह्यातील भिवंडी हे शहर यंत्रमागांसाठी फार दिवसांपासून प्रसिद्ध आहे. अलीकडे त्याची आणखी एक ओळख झाली आहे. शहराभोवतालच्या मानकोली, काल्हेर, वडपे अशा गावांच्या शिवारांत आता गोदामांच्या लांबच लांब रांगा उभ्या आहेत. घरबसल्या फोनवरून मागविलेली कितीतरी जिन्नस याच गोदामांतून निघून गावोगावी जातात.

कोणते पार्सल कोठे जावयाचे, हा हिशेब संगणक ठेवतो. प्रत्येक पार्सलावर सहा आकडी पिन क्रमांक असतो. ही योजना श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी गृहस्थांनी आखली आणि ती १५ ऑगस्ट १९७२ रोजी अमलात आली. येथे सोयीसाठी गावांची नावेच घेऊ.

समजा, तीन पार्सले आली आहेत. पहिले वाड्याचे, त्यात कोणा आजोबांचा चष्मा आहे. दुसरेही वाड्याचेच, त्यात क्रिकेटची बॅट आहे. तिसरे मुरबाडचे. ज्याने आधी मागणी केली त्याचे पार्सल आधी, असा हा क्रम आहे. आता गावांच्या अक्षरांप्रमाणे ती लावावयाची आहेत. 'म' हा 'व'च्या आधी येतो. म्हणून मुरबाडचे पार्सल पुढे आणले पाहिजे. दोघा हमालांनी पहिले व तिसरे उचलले आणि त्यांची अदलाबदल केली. एका फेरीत काम झाले! मुरबाड, वाडा, वाडा. क्रम अगदी बरोबर.

तथापि थोडे निरखून पाहिले तर काहीतरी बिघडले आहे. आता बॅट पुढे आहे आणि चष्मा मागे. वाड्याच्या गाडीत एकाच पार्सलापुरती जागा उरली असेल, तर बॅट जाईल आणि आधी मागणी करणारे आजोबा चष्म्यावाचून बसतील. गावांचा क्रम लागला. पण त्या क्रमाच्या पोटात जो दुसरा क्रम होता, तो मोडला.

समान वस्तूंचा मूळचा आगेमागेपणा जी रीत जपते तिला 'स्थिर' रीत म्हणतात. जी तो जपण्याची हमी देत नाही, ती 'अस्थिर'. अस्थिर म्हणजे चुकीची नव्हे. तिने दिलेला शब्द ती पुरता पाळते; तिने शब्दच कमी दिलेला असतो.

मग सर्वांनी स्थिर रीतच का वापरू नये? याचे उत्तर गोदामाच्या फरशीवर मिळते. एकेक पार्सल उचलून, बाकीची मागे सरकवून, ते योग्य जागी घालावे, तर आगेमागेपणा राहतो. परंतु वाटेल तशा पडलेल्या हजार पार्सलांसाठी सुमारे अडीच लाख वेळा सरकवासरकवी करावी लागते. त्याहून पुष्कळ शहाणी युक्ती जॉन फॉन नॉयमन या गणितज्ञांनी १९४५ साली मांडली. लहान लहान रांगा आधी लावून घ्याव्यात, मग दोन-दोन रांगा एकमेकींत मिसळीत जावे. दोन्हीकडे सारखेच गाव समोर आले, तर डाव्या रांगेतले आधी घ्यावे. हजार पार्सले दहा फेऱ्यांत, म्हणजे सुमारे दहा हजार हालचालींत लागतात, आणि चष्मा बॅटीच्या पुढेच राहतो. मात्र रांगा मिसळण्यासाठी शेजारी मोकळी फरशी हवी. संगणकाची स्मृती ही अशीच फरशी आहे.

ही जादा फरशी टाळणारी रीत टोनी होअर या इंग्रज विद्यार्थ्यास १९५९ साली सुचली. ते तेव्हा मॉस्को येथे शिकत होते. रशियन वाक्यांचे भाषांतर यंत्राकडून करून घेण्याच्या खटपटीत त्यांना शब्द कोशाच्या क्रमाने लावण्याची गरज पडली. त्यांची युक्ती अशी: एक वस्तू मापासाठी निवडावी, तिच्याहून लहान त्या एका बाजूस, मोठ्या त्या दुसऱ्या बाजूस कराव्यात, मग प्रत्येक बाजूस पुन्हा तेच करावे. सारे काम जागच्या जागी, अदलाबदलीने होते. म्हणूनच ते बहुधा वेगाने उरकते, आणि म्हणूनच समान वस्तू एकमेकींना ओलांडून जातात.

संगणकास आज्ञा देण्याच्या भाषा असतात. प्रत्येक भाषेबरोबर तयार हत्यारांची एक पेटी मिळते; तिला स्टँडर्ड लायब्ररी म्हणतात. क्रम लावण्याचे हत्यार त्या पेटीत बहुधा असतेच. ते कोणत्या रीतीचे ठेवावे, हा प्रश्न दिसतो त्याहून नाजूक आहे.

जावास्क्रिप्ट या भाषेची गोष्ट याबाबतीत ऐकण्यासारखी आहे. तिच्या नियमांत स्थिरतेची सक्ती नव्हती. क्रोम या ब्राउझरमध्ये दहापर्यंत वस्तू असल्या तर सरकवण्याची स्थिर रीत चाले. अकरावी वस्तू आली की होअर यांची जलद, अस्थिर रीत सुरू होई. परिणाम असा की, चार-पाच नावांवर तपासून पाहणाऱ्यास सारे ठीक दिसे, आणि खऱ्या लांब यादीत मात्र क्रम विसकटे. दोष सापडणार कसा? लहान यादी घेऊन शोधू गेले की तो नाहीसा होई! अखेर २०१८ साली क्रोमने टिम पीटर्स यांनी २००२ साली पायथन या भाषेसाठी रचलेली स्थिर रीत स्वीकारली, आणि २०१९ साली भाषेच्या नियमांतच स्थिरता बंधनकारक झाली.

रस्ट नावाच्या भाषेचा प्रवास याहून निराळा. २०१५ साली तिची पहिली पक्की आवृत्ती निघाली, तेव्हा पेटीत स्थिर रीतच होती. परंतु तिला जादा स्मृती लागे. २०१७ साली तिच्या जोडीस एक जलद, अस्थिर रीत घालण्यात आली. तिचा पाया ऑर्सन पीटर्स यांच्या युक्तीवर होता. (दोघे पीटर्स निराळे; आडनाव तेवढे एक.) होअर यांच्या रीतीत माप वारंवार वाईट निवडले गेले तर काम अतिशय रेंगाळते, त्यावरही या युक्तीत तोड होती. पण विशेष वाखाणण्यासारखे आहे ते नामकरण. 'सॉर्ट' हे साधे नाव स्थिर रीतीकडेच राहिले, आणि नवीस 'सॉर्ट अनस्टेबल' असे सरळ नाव मिळाले. घाईत असलेला मनुष्य आखूड नाव लिहितो. त्याच्या हातून आजोबांचा चष्मा मागे पडू नये, अशी ही व्यवस्था. ज्याला वेग हवा, त्याने 'अस्थिर' हा शब्द स्वतःच्या हाताने लिहावयाचा.

वेगवान रीत निर्धास्तपणे केव्हा वापरावी? जेथे समान वस्तूंत भेदच नसतो तेथे. सात आणि सात यांची अदलाबदल झाली, तर कोणास कळणार? हेच ओळखून जावा या भाषेत नुसत्या आकड्यांसाठी अस्थिर, आणि इतर वस्तूंसाठी स्थिर रीत ठेवलेली आहे.

२०२४ साली रस्टमधील दोन्ही रीती बदलून त्यांच्या जागी अधिक वेगवान रीती बसविण्यात आल्या. नावे मात्र तीच राहिली. भिवंडीच्या गोदामात दिवसभराच्या वजनांचे नुसते आकडे लावावयाचे असतील, तर त्यांतील अस्थिर रीत खुशाल घ्यावी. वाड्याची गाडी भरावयाची असेल, तर स्थिर.