दुसऱ्या शस्त्रक्रियेआधीचा प्रश्न

(नभोवाणीवरील आरोग्यविषयक भाषणाचा संपादित अंश)



वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया होऊन पाच-सात वर्षं झालेला रुग्ण पुन्हा दवाखान्यात येतो, तेव्हा बहुधा एकटाच येतो. पहिल्या वेळी सगळं घर सोबत असतं. आता मात्र ‘एवढा पैसा ओतला आणि पुन्हा जैसे थे’ हे घरच्यांकडून ऐकून झालेलं असतं. खुर्चीत बसल्या बसल्या तो म्हणतो, ‘डॉक्टर, चूक माझीच आहे. पण ऑपरेशन पुन्हा करता येईल का?’

करता येतं, पण सरसकट नाही. त्याआधी एका प्रश्नाचं उत्तर हवं : पहिल्या शस्त्रक्रियेत नेमकं काय फसलं? चूक कुणाची हे शोधून काही हाती लागत नाही. कारण शोधलं तर मार्ग सापडतो.

मुळात फसलं आहे का, हेच आधी पाहू. समजा, एका बाईंची उंची १५५ सेंटिमीटर आणि वजन १२० किलो होतं. या उंचीला साधारण ६० किलो वजन योग्य धरलं, तर जादा वजन ६० किलो. त्यातलं निम्मं उतरलं तर शस्त्रक्रिया यशस्वी मानण्याचा प्रघात आहे. म्हणजे या बाई ९० किलोवर आल्या तर डॉक्टरांच्या हिशेबी त्या पास! पण त्यांच्या मनात साठ किलोचं चित्र असतं. शिवाय वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सर्वांत खाली जातं आणि मग थोडं वर सरकतं. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दहा वर्षांनंतरची घट मोजली गेली. मूळ वजनाच्या तुलनेत ती जठराच्या बायपासनंतर सुमारे २५ टक्के, तर जठराला पट्टा बसवल्यानंतर सुमारे १४ टक्के होती. तेव्हा ८५ वरून ९० वर गेलेल्या बाईंची मधुमेहाची औषधं कमी झाली असतील, गुडघे जिना चढू देत असतील, तर त्यांना दुसऱ्या शस्त्रक्रियेपेक्षा धीराची आणि नियमित तपासणीची गरज आहे.

आता खरोखरच काही बिघडलं असेल तर? ते शस्त्रक्रियेच्या प्रकारावर अवलंबून असतं. पट्ट्याच्या शस्त्रक्रियेत जठराच्या वरच्या भागाभोवती सिलिकॉनचं कडं बसवतात. ते घसरू शकतं, जठराच्या भिंतीत रुतू शकतं. कडं फार घट्ट असलं की भाकरी अडकते, पण आइस्क्रीम आणि आमरस सहज उतरतो. मग माणूस नकळत तेच खाऊ लागतो. ‘स्लीव्ह’मध्ये जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून केळ्याएवढी नळी ठेवतात. ती कालांतराने सैलावते. काहींना तीव्र जळजळ आणि आंबट पाणी वर येण्याचा त्रास सुरू होतो. तिसरा प्रकार बायपासचा, हृदयाचा नव्हे, जठराचा. यात जठराची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. ही पिशवी किंवा तिचं तोंड रुंदावतं. क्वचित पिशवी आणि बाजूला ठेवलेलं जठर यांच्यात पुन्हा वाट तयार होते.

असा रचनेतला दोष सापडला, तर दुसऱ्या शस्त्रक्रियेला अर्थ आहे. पट्टा काढून स्लीव्ह किंवा बायपास करता येतो. स्लीव्हनंतर औषधांना न जुमानणारी जळजळ असेल, तर बायपास हा मान्य उपाय आहे. सतत उलट्या होत असतील, पाणीही उतरत नसेल, तर मात्र किलोंचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

पण पुष्कळदा रचना ठीकच असते. दिवसभर थोडं थोडं फरसाण, चार वेळा साखरेचा चहा, वर बिस्किटं. पोट लहान असलं तरी या वाटेनं उष्मांक जातातच. कधी थायरॉइडची तक्रार असते. कधी स्टेरॉइड, इन्शुलिन किंवा मानसिक आजारावरच्या काही औषधांनी वजन वाढतं. कधी घरातलं दुःख किंवा रात्रपाळी कारणीभूत असते. यातलं काहीही पुन्हा टाके घालून बरं होत नाही.

म्हणून दुसऱ्या शस्त्रक्रियेचा विचार करणाऱ्यानं आधी जुन्या रुग्णालयातून डिस्चार्ज कार्ड आणि शस्त्रक्रियेची सविस्तर नोंद मिळवावी. आत काय जोडलं, काय कापलं, हे त्यावरच कळतं. मग एंडोस्कोपी आणि बेरियमसारखं औषध पाजून काढलेले एक्स-रे. रक्तात हिमोग्लोबिन, लोह, बी-१२, ड जीवनसत्त्व आणि थायरॉइड तपासावं. आपल्याकडे शाकाहारी मंडळींत बी-१२ आधीच कमी असतं. ते भरून न काढता दुसरी शस्त्रक्रिया करू नये. आहारतज्ज्ञ आणि समुपदेशकाची भेट ही औपचारिकता समजू नये.

धोक्याचंही स्पष्ट सांगतो. पहिल्या वेळी पोटात मोकळी जागा असते. दुसऱ्या वेळी अवयव एकमेकांना चिकटलेले असतात, काही ठिकाणचा रक्तपुरवठा बदललेला असतो. त्यामुळे शिवणीतून गळती, रक्तस्राव यांची शक्यता पहिल्यापेक्षा जास्त असते, आणि वजन मात्र पहिल्या वेळेइतकं उतरेलच असं नाही. म्हणून ‘माझ्यासारख्या किती दुसऱ्या शस्त्रक्रिया आपण केल्या आहेत?’ असं सर्जनला विचारायला संकोचू नये. चांगला सर्जन रागावत नाही.

आता आणखी एक वाट आहे. टिर्झेपटाइड आणि वजनासाठीचं सेमाग्लुटाइड ही आठवड्यातून एकदा घ्यायची इंजेक्शनं २०२५ साली भारतात आली. शस्त्रक्रियेनंतर वजन परतलेल्यांनाही ती दिली जातात. मात्र ती बंद केली की वजन बहुधा पुन्हा वाढतं, मळमळीचा त्रास होऊ शकतो आणि खर्चही बराच आहे. दुकानातून परस्पर आणून ती टोचून घेऊ नयेत.

शेवटी घरच्यांसाठी दोन शब्द. लठ्ठपणा हा उलटून येणारा आजार आहे. रक्तदाब पुन्हा वाढला तर आपण रुग्णाला बोल लावत नाही, गोळी बदलून घ्यायला नेतो. अनेकजण केवळ शरमेपोटी आपल्या पहिल्या डॉक्टरांकडे परत जात नाहीत आणि साधी, औषधानं सुटणारी अडचण वर्षानुवर्षं अंगावर काढतात. पुढच्या भेटीला आपलं माणूस एकटं जाणार नाही एवढं पाहा.