दोन मिनिटांच्या सावलीपासून अतिनील वर्णपटापर्यंत

२२ जानेवारी १८९८, पौष अमावास्या. त्या दिवशी दुपारी चंद्राची सावली अरबी समुद्रावरून विजयदुर्गाला लागली आणि जेऊर, पुलगाव करत ईशान्येला बिहारकडे निघून गेली. नकाशावर विजयदुर्ग आणि पुलगाव यांना जोडणारी रेघ ओढून पाहावी. ती पाथरी, मानवत, जिंतूर या टापूतून जाते. आजचा परभणी जिल्हा त्या सावलीच्या वाटेवरच होता. खग्रास स्थितीची ती सुमारे दोन मिनिटे काळ्या बिंबाभोवती सूर्याचे प्रभामंडल, ज्याला शास्त्रज्ञ करोना म्हणतात, उघड्या डोळ्यांना दिसण्याजोगे होते.

निजामाच्या राज्यातल्या परभणीला तेव्हा रेल्वे नव्हती. दुर्बिणी आणि काचेच्या प्लेटांच्या पेट्या जिथे उतरवता येतील, तिथेच वेधाचे मोठे तळ पडले. ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर विजयदुर्गाच्या किल्ल्यावर होते. सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल आले होते. त्याच जेऊरला पुण्याच्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेचे प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला यांनीही आपली उपकरणे मांडली आणि ग्रहणाच्या वर्णपटाची, म्हणजे प्रकाश रंगांत फोडून मिळणाऱ्या पट्ट्याची, छायाचित्रे घेतली. महाराष्ट्राच्या सौरविज्ञानाचा इतिहास सांगताना हे नाव आपण फार क्वचित घेतो, याची मला मनापासून खंत वाटते.

विजयदुर्गाबद्दल एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. हेलियमचा शोध १८६८ साली या किल्ल्यावरून लागला, असे अनेक ठिकाणी छापले जाते. त्या वर्षीच्या १८ ऑगस्टच्या ग्रहणात फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होते, धाकटे जॉन हर्शेल पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात होते आणि लॉकियर इंग्लंडमध्ये. लॉकियर विजयदुर्गाला आले ते तीस वर्षांनी, १८९८ साली. किल्ल्याचे महत्त्व त्यामुळे उणावत नाही, उलट खरे काय घडले ते कळते.

या साऱ्यांना छळणारे कोडे हिरव्या रंगाच्या एका रेषेचे होते. १८६९ च्या ग्रहणात प्रभामंडलाच्या वर्णपटात ५३०.३ नॅनोमीटरवर ती सापडली. ती कोणत्याच माहीत मूलद्रव्याशी जुळेना, म्हणून ‘कोरोनियम’ नावाचे नवे मूलद्रव्य कल्पिले गेले. उत्तर मिळायला सत्तर वर्षे लागली. ग्रोट्रियान आणि एडलेन यांनी दाखवून दिले की ही रेषा साध्या लोखंडाची आहे, मात्र त्या लोखंडाच्या अणूने आपल्या २६ पैकी १३ इलेक्ट्रॉन गमावलेले आहेत. इतकी मोडतोड व्हायला दहा लाख अंशांहून अधिक तापमान लागते. सूर्याचा दिसणारा पृष्ठभाग तर जेमतेम साडेपाच हजार अंशांचा. वरचे विरळ आवरण खालच्यापेक्षा शेकडो पटींनी तापलेले का, हा प्रश्न तेव्हा उभा राहिला आणि आजही पुरता सुटलेला नाही.

एवढा तापलेला वायू आपला प्रकाश मुख्यतः अतिनील आणि क्ष-किरणांत टाकतो. सुमारे ३०० नॅनोमीटरच्या खालचे अतिनील किरण ओझोनचा थर आणि हवा अडवतात. जीवसृष्टीसाठी ते वरदान आहे, सूर्याच्या अभ्यासकासाठी मात्र पडदा. तो पडदा पहिल्यांदा ऑक्टोबर १९४६ मध्ये ओलांडला गेला, जर्मनांकडून हाती आलेल्या व्ही-२ अग्निबाणावर अमेरिकेत टौसी यांच्या गटाने वर्णपटमापक पाठवला तेव्हा.

माझ्या मते या प्रवासातला सर्वांत मोलाचा टप्पा २ डिसेंबर १९९५ रोजी निघालेल्या सोहो यानावरचा यूव्हीसीएस हा वर्णपटमापक. हार्वर्ड-स्मिथसोनियन केंद्राचे जॉन कोल त्याचे प्रमुख होते. सूर्यबिंब झाकून आजूबाजूच्या अतिफिकट प्रभामंडलाचा अतिनील प्रकाश हे उपकरण फोडून पाहत असे. त्याची युक्ती सुंदर आहे. प्रभामंडलातले अणू-आयन खालून येणारा ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश पकडून विखुरतात. ते स्वतःच वेगाने बाहेर धावू लागले की रेडिओवरचे स्टेशन सरकावे तशी त्यांची आणि त्या प्रकाशाची जुळणी सुटते आणि रेषा मंदावते. ती किती मंदावली यावरून सौरवाताचा, म्हणजे सूर्यापासून वाहणाऱ्या कणांच्या झोताचा, वेग निघतो आणि रेषेच्या रुंदीवरून कणांची धडपड, म्हणजेच त्यांचे तापमान. पाच इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनच्या १०३.२ आणि १०३.७ नॅनोमीटरच्या रेषा अशा मोजल्यावर सूर्याच्या ध्रुवांजवळच्या प्रभामंडलातल्या विरळ, काळपट भागांत, म्हणजे विवरांत, विलक्षण चित्र दिसले. तिथे ऑक्सिजनच्या आयनांचे तापमान दहा कोटी अंशांच्याही वर होते, शेजारच्या हायड्रोजनचे मात्र काही लाख ते काही दशलक्ष अंश. जड कणांना जास्त ऊर्जा मिळते आहे, याचा अर्थ चुंबकीय क्षेत्रातल्या लहरी त्यांना निवडून ढकलत असाव्यात, हा विचार त्यातूनच बळावला. नुसत्या छायाचित्रातून हे कधीच कळले नसते. पुढे जपानच्या हिनोदेवरील ईआयएस आणि २०१३ चे आयरिस यांनी हाच मार्ग खालच्या थरांत नेला.

आता आपले यान. आदित्य-एल१ हे २ सप्टेंबर २०२३ रोजी श्रीहरिकोट्याहून निघाले आणि ६ जानेवारी २०२४ रोजी पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवरच्या, सूर्य-पृथ्वीच्या ओढीचा तोल साधणाऱ्या एल१ बिंदूभोवतीच्या कक्षेत पोचले. तिथे रात्र नाही, सूर्य कधी मावळत नाही. यानावरची सूट ही अतिनील दुर्बीण पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेने उभी केली. दुर्गेश त्रिपाठी आणि ए. एन. रामप्रकाश यांच्या नेतृत्वाखाली घडलेली ही दुर्बीण २०० ते ४०० नॅनोमीटरच्या पट्ट्यात, ११ गाळण्यांमधून, अख्ख्या सूर्यबिंबाची चित्रे घेते. नायगमवालांच्या पुण्यातूनच हे घडावे, याचा मला अभिमान वाटतो. २२ फेब्रुवारी २०२४ च्या एक्स ६.३ तीव्रतेच्या सौरज्वाळेत खालच्या थरांतली प्रखरता आणि वरच्या प्रभामंडलाचे तापणे यांचा मेळ सूटच्या निरीक्षणांतून घालता आला. याच यानावरचे बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेचे व्हीईएलसी तीच जुनी ५३०.३ ची हिरवी रेषा ग्रहणाची वाट न पाहता टिपू शकते.

तरीही एक उणीव आहे. सूट चित्रे घेते, वर्णपट घेत नाही, आणि व्हीईएलसीचा वर्णपट दृश्य व अवरक्त प्रकाशातला आहे. प्रभामंडलाच्या अतिनील रेषा वेगळ्या करून मोजणारे उपकरण भारताने अजून अवकाशात पाठवलेले नाही. आरसे, प्रकाश फोडणारी ग्रेटिंग आणि अतिनीलला संवेदनशील शोधक बनवण्याचे कसब आयुकासारख्या संस्थांत आता रुजले आहे. पुढच्या सौरमोहिमेत असा वर्णपटमापक असायलाच हवा, असे माझे ठाम मत आहे.

६ जानेवारी २०२५ रोजी इस्रोने आदित्य-एल१ ची निरीक्षणे सर्वांसाठी खुली केली. ती पाहायला १८९८ सारखा रेल्वेजवळ तळ ठोकावा लागत नाही. परभणी, सेलू, जिंतूर, गंगाखेडच्या महाविद्यालयांतल्या भौतिकशास्त्राच्या शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे: यंदाच्या प्रकल्पासाठी सूटची एक दिवसाची चित्रे उतरवून घ्या आणि विद्यार्थ्यांना एखाद्या सौरज्वाळेची तेजस्विता स्वतः मोजू द्या.