दोन चाकांची मोटार

मोटारीला चाके चार, हे शाळकरी पोरही सांगेल. पण तिचे स्थैर्य गणिताने तपासू पाहणारा अभियंता कागदावर पहिली गोष्ट कोणती करतो, तर तिची दोन चाके काढून टाकतो! पुढच्या दोहोंचे एक, मागच्या दोहोंचे एक. उरते ती सायकल. जर्मनीत रीकर्ट आणि शुंक यांनी १९४० साली हीच युक्ती मांडली.

आपली समजूत अशी की, चाकाचे तोंड जिकडे, तिकडे चाक जाते. वळणावर तसे होत नाही. जमिनीला टेकलेले रबर आडव्या जोराने मुरडते आणि चाक आपल्या तोंडाच्या दिशेपासून थोडे अंश बाजूला सरकत जाते. हा दोष नव्हे. या कोनामुळेच गाडीला वळवणारा जोर मिळतो. प्रश्न एवढाच, की हा कोन पुढे अधिक की मागे? पुढे अधिक असेल तर गाडी वळायला कुरकुरते; चालक सुकाणू आणखी फिरवतो आणि निभावते. मागे अधिक असेल तर गाडीचे बूड बाहेर जाऊ लागते, आणि एका ठरावीक वेगापलीकडे बारीकसा धक्काही तिला गरकन फिरवायला पुरतो. हा वेग हिशेबाने आधी काढता येतो. त्यासाठी कोणाला खड्ड्यात जावे लागत नाही.

मात्र या सायकलीला रुंदी नाही, म्हणून गाडी उलटेल की काय हे ती सांगू शकत नाही. ते ठरते डाव्या-उजव्या चाकांतील अंतरावर आणि गुरुत्वमध्याच्या उंचीवर. ऑक्टोबर १९९७ मध्ये स्वीडनमधील एका नियतकालिकाने मर्सिडीजची उंच बांध्याची नवी ए-क्लास गाडी परीक्षेस घेतली. त्या देशात एल्क हे सांबराहूनही धिप्पाड जनावर अकस्मात रस्त्यावर येते. त्याला चुकवायचे तर झटकन डावीकडे व लगेच उजवीकडे वळावे लागते. त्या दुहेरी वळणात गाडी उलटली. पहिल्या वळणाने एका कुशीवर कललेली गाडी दुसऱ्या वळणात उलट्या कुशीवर झोका खाते. हा झोका पकडण्यासाठी संगणकावरच्या नमुन्यात स्प्रिंगा, कल, प्रत्येक चाकावरचा भार हे सारे घालावे लागते.

कंपनीने गाडीच्या सांगाड्यात फेरफार केले व स्थैर्य राखणारे यंत्र प्रत्येक गाडीला बसवले. गंमत अशी की, अशा यंत्राच्या पोटात असते ती आपली जुनी सायकलच! सुकाणू किती फिरले यावरून गाडी किती वळायला हवी, हे ती सांगते. प्रत्यक्षात किती वळते, हे मापक सांगतो. दोहोंत अंतर पडले की यंत्र एखाद्याच चाकाचा ब्रेक लावते. बूड बाहेर चालले असेल, तर वळणाच्या बाहेरच्या बाजूच्या पुढच्या चाकाचा.