क्लॅट म्हणजे कायद्याच्या पाठांतराची परीक्षा नव्हे

अभनपूरजवळ उपरवाऱ्याला हिदायतुल्ला राष्ट्रीय विधी विद्यापीठ आहे. ते २००३ साली स्थापन झाले. छत्तीसगडच्या विद्यार्थ्यांसाठी तिथे राखीव जागा आहेत, त्यामुळे 'आपल्याच गावचं कॉलेज, जमून जाईल' असे अनेक घरांत धरून चालतात. पण राखीव जागाही क्लॅट या विधी विद्यापीठांच्या सामायिक प्रवेश परीक्षेतल्या क्रमांकावरूनच मिळते. उपरवाऱ्यात राहणाऱ्या मुलालाही ही परीक्षा द्यावीच लागते.

सर्वांत जास्त नुकसान करणारा समज म्हणजे आधी कलमे पाठ करायला हवीत. २०२० पासून क्लॅट उताऱ्यांवर आधारलेली आहे. कायद्याच्या भागात नियम उताऱ्यातच दिलेला असतो. तो पुढच्या प्रसंगाला लावायचा, एवढेच काम. समजा नियम दिला आहे: परवानगीशिवाय दुसऱ्याच्या जमिनीत पाऊल टाकणे म्हणजे अतिक्रमण, हेतू कोणताही असो. प्रसंग असा की एक मुलगा चेंडू आणायला शेजाऱ्याच्या अंगणात शिरतो. गाइड वाचलेल्याला फौजदारी अतिक्रमणाची व्याख्या आठवते. तिच्यात वाईट हेतू लागतो, म्हणून तो 'अतिक्रमण नाही' या पर्यायावर खूण करतो आणि गुण घालवतो. ज्याने फक्त दिलेला नियम नीट वाचला, त्याचे उत्तर बरोबर येते.

म्हणून माझा आग्रह रोजच्या इंग्रजी वाचनाचा आहे, विशेषतः मराठी किंवा हिंदी माध्यमाच्या मुलांसाठी, कारण पदवीच्या क्लॅटचा पेपर इंग्रजीतच असतो. १२० मिनिटांत १२० प्रश्न सोडवायचे असतात आणि बरेचसे उतारे सुमारे ४५० शब्दांचे. मिनिटाला २०० शब्द वाचणाऱ्याची एका उताऱ्यावर सव्वादोन मिनिटे जातात. त्यावर पाच प्रश्न असतील, तर वाट्याच्या पाच मिनिटांपैकी उरतात पावणेतीन. परत परत मागे जाऊन वाचायची सवय असेल, तर तीही उरत नाहीत. अग्रलेख घड्याळ लावून वाचा आणि लेखकाचा मुद्दा एका वाक्यात लिहून काढा. हा सराव एखाद्या जाडजूड गाइडपेक्षा जास्त उपयोगी पडेल.

गणिताची भीतीही अवाजवी आहे. त्याचे प्रश्न १० ते १४ असतात आणि पातळी दहावीची.

'खात्री नसेल तर प्रश्न सोडून द्या' हा सल्लाही अर्धाच खरा. चूक उत्तराला पाव गुण कापतात. चारपैकी दोन पर्याय खात्रीने बाद करता आले, तर उरलेल्या दोघांतून निवडताना सरासरी ०.३७५ गुणाचा फायदाच होतो. एकही पर्याय बाद होत नसेल, तर फायदा जेमतेम ०.०६ गुणाचा, त्यासाठी वेळ घालवू नका.

सराव परीक्षांबाबतही असेच. नुसती त्यांची संख्या वाढवून गुण वाढत नाहीत. प्रत्येक पेपरनंतर चुका वेगळ्या काढा: नियम चुकीचा वाचला, घाई झाली की शब्दच कळला नाही? प्रत्येकीवरचा उपाय निराळा आहे.

महाराष्ट्राची विधी सीईटी देणाऱ्यांनी मात्र वेगळे वागावे. ती मराठीतूनही देता येते आणि तिथे चुकीला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा ठेवू नये.