बहुपुटक अंडकोश लक्षणसमूह व कीटोजनक आहार

जननक्षम वयातील स्त्रियांत अंडमोचनाची (अंडकोशातून पक्व अंड बाहेर पडण्याची) अनियमितता, पुं-हॉर्मोनांचे आधिक्य व चयापचयातील (शरीरात सतत होणाऱ्या रासायनिक घडामोडींतील) बिघाड ज्या विकारात एकत्र आढळतात, त्यास ‘बहुपुटक अंडकोश लक्षणसमूह’ म्हणतात. ‘पीसीओएस’ या आद्याक्षरांनी तो अधिक परिचित आहे. कार्बोहायड्रेटे अत्यल्प व वसा (स्निग्ध पदार्थ) विपुल असलेल्या आहारास कीटोजनक आहार म्हणतात. या विकारावर त्याचा उपयोग एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून अभ्यासला जात आहे.

विकाराचे स्वरूप : शिकागो येथील अर्व्हिंग स्टाइन व मायकेल लेव्हेंथाल यांनी १९३५ मध्ये सात स्त्रियांच्या अभ्यासावरून या विकाराचे वर्णन केले. अनियमित ऋतुस्राव, चेहऱ्यावर व अंगावर राठ केस येणे, मुरुमे, स्थूलता आणि वंध्यत्व ही त्याची प्रमुख लक्षणे होत. परंतु कृश स्त्रियांतही तो आढळतो. अंडकोशात दिसणारी ‘द्रवार्बुदे’ ही वस्तुतः वाढ अर्धवट खुंटलेली पुटके (अंड धारण करणाऱ्या सूक्ष्म पिशव्या) असतात. २००३ मध्ये रॉटरडॅम येथे ठरलेल्या निकषांनुसार अनियमित अंडमोचन, पुं-हॉर्मोनांचे आधिक्य व बहुपुटक अंडकोश यांपैकी कोणतीही दोन लक्षणे आढळल्यास, तत्सम अन्य विकार नसल्याची खात्री करून, निदान केले जाते.

अनेक रुग्णांत इन्शुलिनाला ऊतकांकडून मिळणारा प्रतिसाद मंद असतो. त्याची भरपाई म्हणून अग्निपिंडातून अधिक इन्शुलीन स्रवते. हे जादा इन्शुलीन अंडकोशातील टेस्टोस्टेरोनाचे उत्पादन वाढविते आणि त्याला रक्तात बांधून ठेवणाऱ्या प्रथिनाची यकृतातील निर्मिती घटविते. परिणामी मुक्त टेस्टोस्टेरोन वाढून पुटकांची वाढ खुंटते. पुढे मधुमेह व गर्भाशयाच्या अंतःस्तराचा कर्करोग यांचा धोका वाढतो.

आहाराचे कार्य : अशा आहारात रोजची कार्बोहायड्रेटे सामान्यतः २० ते ५० ग्रॅ. इतकी मर्यादित ठेवतात. यकृतातील ग्लायकोजेनाचा साठा संपत आला की, वसाम्लांपासून यकृतात कीटोन द्रव्ये तयार होतात व मेंदूसह अनेक अवयव ती इंधन म्हणून वापरतात. मेयो क्लिनिकमधील रसेल वाइल्डर यांनी १९२१ मध्ये हा आहार अपस्मारावर सुचविला होता. १९३८ नंतर फेनिटॉइनासारखी औषधे प्रचारात आल्यामुळे तो मागे पडला. तथापि औषधांना दाद न देणाऱ्या बालकांच्या अपस्मारात तो आजही वापरतात. कार्बोहायड्रेटे घटल्याने इन्शुलिनाचा स्राव कमी होतो, हा पीसीओएसमधील त्याच्या वापराचा आधार होय.

निष्कर्ष व मर्यादा : अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात अकरा स्थूल रुग्णांना सहा महिने असा आहार देण्यात आला. तो पूर्ण करणाऱ्या पाच जणींचे वजन सरासरी १२%, मुक्त टेस्टोस्टेरोन २२% व उपाशीपोटीचे इन्शुलीन ५४% घटले. पूर्वी वंध्यत्व असलेल्या दोघी गर्भवती झाल्या. तथापि प्रयोगात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता व निम्म्याहून अधिक स्त्रियांनी तो अर्ध्यावर सोडला. नंतरचे प्रयोगही बहुतांशी लहान व अल्पमुदतीचे आहेत. विकार मात्र दीर्घकालीन आहे. लाभाचा किती भाग वजन घटल्यामुळे व किती कीटोन द्रव्यांमुळे होतो, हेही स्पष्ट झालेले नाही. कोणत्याही पद्धतीने वजन ५ ते १०% कमी झाल्यास पुष्कळ स्त्रियांत ऋतुचक्र सुधारते. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत कोणताही एक आहार इतरांहून श्रेष्ठ ठरविलेला नाही.

धान्यप्रधान आहारात हे पथ्य विशेष कठीण जाते. ५० ग्रॅ. ज्वारीच्या पिठाच्या एका भाकरीतच सु. ३५ ग्रॅ. कार्बोहायड्रेटे असतात. शाकाहारात प्रथिने पुरविणाऱ्या डाळींतही त्यांचे प्रमाण बरेच असते.

दक्षता : प्रारंभी डोकेदुखी, थकवा व बद्धकोष्ठता उद्भवतात; काहींच्या रक्तातील अपायकारक कोलेस्टेरॉल वाढते. इन्शुलीन घेणाऱ्या मधुमेही स्त्रियांनी वैद्यकीय देखरेखीविना हा आहार घेऊ नये. औषधाची मात्रा तशीच राहिल्यास रक्तशर्करा धोकादायक पातळीपर्यंत उतरते. मूत्रावाटे शर्करा बाहेर टाकणारी ‘ग्लिफ्लोझिन’ वर्गातील औषधे चालू असता रक्त अम्लधर्मी होण्याचा धोका असतो. यकृत वा मूत्रपिंडाचा गंभीर विकार आणि वसाम्लांच्या चयापचयाचे जन्मजात दोष यांतही तो वर्ज्य आहे. गर्भारपणात हा आहार घेण्याची शिफारस केली जात नाही. अंडमोचन मात्र ऋतुस्राव नियमित होण्यापूर्वीच पुन्हा सुरू होऊ शकते. त्यामुळे दीर्घकाळ वंध्यत्व असलेल्या स्त्रीलाही नकळत गर्भधारणा होण्याचा संभव असतो. म्हणून संततीची इच्छा असो वा नसो, त्याविषयीचा विचार आहार सुरू करण्यापूर्वीच वैद्याच्या सल्ल्याने होणे आवश्यक असते.